जुन्या रोमच्या काशाच्या नाण्यांवर सगळीकडे जहाजच का?

जुनी_पेठ (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी. मी लंडनला असते. मागच्या शनिवारी इथल्या एका संग्रहालयात गेले होते. तिथे एका टेबलावर खऱ्या जुन्या वस्तू हातात घेऊन बघू देतात. टेबलामागच्या बाईंनी माझ्या तळहातावर एक नाणं ठेवलं आणि हात चक्क खाली गेला. इतकं जड नाणं आयुष्यात धरलं नव्हतं. साधारण दोनशे साठ-सत्तर ग्रॅम. आपल्या काशाच्या वाटीच्या बुडाएवढं रुंद आणि बोटभर जाड.

त्याला 'आस' म्हणतात. रोमन प्रजासत्ताकाचं मूळ नाणं, इसवी सनापूर्वी २२५च्या आसपासचं. एका बाजूला जेनस, म्हणजे दोन तोंडांचा दाढीवाला देव. एक तोंड डावीकडे, दुसरं उजवीकडे. नाकं पार झिजलेली, दाढीच्या बटा मात्र बोटाला लागत होत्या. उलट्या बाजूला जहाजाचं पुढचं टोक.

बाईंनी मग त्याच मालिकेतली लहान नाणी दाखवली. अर्ध्या आसवर सॅटर्न, तिसऱ्या हिश्श्यावर मिनर्व्हा, पाव आसवर सिंहाचं कातडं पांघरलेला हर्क्युलिस, सहाव्या हिश्श्यावर पंखांच्या टोपीतला मर्क्युरी, आणि बाराव्या हिश्श्यावर, ज्याला 'उन्किया' म्हणतात, त्यावर शिरस्त्राण घातलेली रोमा. सहा नाणी, सहा वेगवेगळी दैवतं. पण पालथी घातली की सहाच्या सहा नाण्यांवर तेच जहाज!

प्रश्न इतकाच: रोमन लोक म्हणजे मुळात शेतकरी आणि पायदळवाले. बैल, नांगर, लांडगीण हे सगळं सोडून त्यांनी जहाज का निवडलं असेल? चार दिवस डोक्यातून जात नाहीये. जाणकारांनी लिहा.

खडीसाखर

मस्त धागा. वाचतेय. पुढच्या वेळी ते नाणं हातात असतानाचा फोटो पाहिजे.

आरमार

ताई, 'जहाजाचं पुढचं टोक' असं लांबलचक कशाला? आमच्या अलिबागकडे त्याला नाळ म्हणतात. होडीची नाळ. नारळी पौर्णिमेला पूजा तिचीच होते.

प्रश्नाचं उत्तर माझ्या मते सरळ आहे. पहिलं प्युनिक युद्ध, इसवी सनापूर्वी २६४ ते २४१. समोर कार्थेज, म्हणजे त्या काळातलं दर्यावर्दी राष्ट्र. रोमकडे म्हणावं असं आरमारच नव्हतं. तरी त्यांनी ते उभं केलं, २६० मध्ये मायलीपाशी पहिली आरमारी लढाई जिंकली आणि १० मार्च २४१ रोजी एगादी बेटांजवळ शेवटची. तुमचं नाणं त्यानंतर पंधरा-वीस वर्षांत निघालेलं. ज्या पिढीने ही जहाजं वल्हवली, तिच्याच हातात ती नाणी पडली. यापेक्षा वेगळं कारण कशाला शोधायचं?

जुनी_पेठ

नाळ! हा शब्द मला आठवायला हवा होता. आता नाळच लिहीन.

गणिताचे_सर

आरमार, पटतंय, पण खुद्द रोमन लोक असं सांगत नाहीत. रोमन कवी ऑव्हिडने आपल्या पंचांगकाव्यात हाच प्रश्न थेट जेनसला विचारला आहे: नाण्याच्या एका बाजूला तू आणि दुसऱ्या बाजूला जहाज, हे का? जेनसचं उत्तर असं की, सॅटर्न देव परागंदा होऊन जहाजातून टायबर नदीत आला, मी त्याला आसरा दिला, त्या पाहुण्याची आठवण म्हणून पुढच्या लोकांनी जहाज कोरलं.

त्याच उत्तरात एक ओळ आहे, ती खास जुनी_पेठ यांच्यासाठी. जेनस म्हणतो, दोन तोंडांवरून तू मला ओळखलंही असतंस, पण काळाने ते काम झिजवून टाकलंय. म्हणजे दोन हजार वर्षांपूर्वी ऑव्हिडच्या हातात आलेला आसही झिजलेलाच होता.

जुनी_पेठ

सर, अंगावर काटा आला. नाकं तेव्हाच गेली होती म्हणायची!

पानवेल

काटा म्हटलात म्हणून सांगते. आपण नाणं उडवून 'छापा की काटा' म्हणतो ना? रोमन पोरं 'कापिता आउत नाविआ' म्हणायची. अर्थ काय, तर 'डोकी की जहाज'! मॅक्रोबियस नावाच्या रोमन लेखकाने हे लिहून ठेवलंय, तो इसवी सनाच्या पाचव्या शतकातला. तोवर नाण्यांवरून ते जहाज जाऊन काही शतकं उलटली होती, पण पोरांच्या तोंडून गेलं नव्हतं. आपल्या भाषेत नाही का, आणे बंद होऊन कितीतरी वर्षं झाली तरी 'सोळा आणे खरं' आहेच.

लाल_माती

काल घरी हे वाचून दाखवलं. आता धाकटा दर गोष्टीला 'डोकं की जहाज' म्हणतोय. भांडी कोण घासणार हेसुद्धा त्यावरच ठरलं. मी हरलो.

पितळी_कडी

सातारकडचा आहे. घरात तीन पिढ्या ओतकाम, घंटा आणि समया. इतिहासातलं मला फार कळत नाही, पण एक विचारतो. ताई, त्या नाण्याच्या कडेला गोल फिरणारी बारीक रेघ होती का? आणि एखाद्या जागी कापून टाकल्यासारखा खुंट?

जुनी_पेठ

होती! दोन्ही होतं! खुंटाशी तर अंगठा अडत होता. मला वाटलं कुठेतरी आपटून झालं असेल.

पितळी_कडी

आपटून नाही. ते नाणं ठोकलेलं नाही, ओतलेलं आहे. दोन अर्ध्या साच्यांची तोंडं जिथे मिळतात तिथे रस किंचित बाहेर येतो, ती रेघ. आणि रस ज्या तोंडातून आत सोडला तिथलं देठ तोडल्यावर उरतो तो खुंट. एका साच्यात ओळीने चार-सहा नाणी मांडून मध्ये रस वाहायला पन्हळ ठेवली असणार. आम्ही घुंगरं अशीच काढतो.

धातूत शिसं बरंच असणार असा माझा अंदाज. नुसतं तांबं आणि कथील घेतलं तर रस घट्ट राहतो. शिसं पडलं की पातळ होतो आणि दाढीच्या बटांसारख्या बारीक जागेत उतरतो. स्वस्तही पडतं.

गणिताचे_सर

पितळी_कडी, अंदाज अगदी बरोबर. या ओतीव नाण्यांत तांबं, कथील आणि भरपूर शिसं असतं. त्यांना 'एस ग्रावे' म्हणतात, म्हणजे जड कासं. ओतायचं कारणही उघड आहे. पाव किलोच्या चकतीवर हातोडीने ठसा उठवणं जवळपास अशक्य. पुढे वजन उतरलं तसं ठोकून नाणी पाडणं सुरू झालं.

टाकसाळीवरच्या तीन अधिकाऱ्यांच्या हुद्द्यात ही दोन्ही कामं नमूद आहेत: कासं, चांदी, सोनं 'ओतण्या-ठोकण्यासाठी' नेमलेले तिघे. क्रमही बघा. कासं पहिलं, सोनं शेवटी.

मोडी_वाचक

यावरून माझा एक कडू अनुभव. सात-आठ वर्षांपूर्वी ऑनलाइन एक रोमन आस घेतला. मोठा ओतीव नव्हे, नंतरचा ठोकलेला, पंचवीसेक ग्रॅमचा. विकणाऱ्याने अस्सल म्हणून सांगितलं. आल्यावर भिंगाखाली कड पाहिली तर अशीच गोल रेघ, कानशीने घासून लपवलेली. ठोकलेल्या नाण्याला ती रेघ असूच शकत नाही. कुणीतरी खऱ्या नाण्याचा साचा घेऊन ओतलेलं होतं ते. पैसे परत मिळाले नाहीत. पण मुळात ओतीव असलेल्या आसच्या बाबतीत ही खूण कामाची नाही, कारण खऱ्यालाही रेघ असते. म्हणून नवख्याने जड आस घेण्याच्या फंदात पडू नये. आधी अस्सल नाणी हाताळावीत, भरपूर हाताळावीत.

हिरवट थराबद्दलही सांगतो. घट्ट, गुळगुळीत, गडद हिरवा थर हे नाण्याचं कवच आहे, त्याला हात लावू नका. पण फिकट हिरवी भुकटी धरू लागली तर तो रोग. नाणं आतून खातो. तसं नाणं दमट कपाटात इतरांजवळ ठेवू नका. आणि चिंच लावून लख्ख करणाऱ्यांना मी हात जोडतो. दोन हजार वर्षांची कातडी दोन मिनिटांत सोलून निघते.

खडीसाखर

चिंचेबद्दल धन्यवाद. आजोबांच्या डब्यातल्या शिवराया मी येत्या रविवारी चिंचेत घालणारच होते. वाचल्या बिचाऱ्या.

मोडी_वाचक

देवा! मुळीच घालू नका. मऊ कापडाने धूळ पुसा, बास.

लाल_माती

एक शंका. पाव किलोचं नाणं घेऊन बाजारात जायचे तरी कसे? शंभर आस म्हणजे पंचवीस किलोच्या वर!

पानवेल

गाडीतून. अगदी खरं सांगते. रोमन इतिहासकार लिव्हीने लिहिलंय की रोमजवळच्या वेई शहराच्या वेढ्याच्या सुमाराला सैनिकांना पहिल्यांदा पगार द्यायचं ठरलं, तेव्हा मोठे लोक आपला कर बैलगाड्यांत भरून खजिन्यात आणायचे आणि लोक बघत उभे राहायचे. तोलून देण्याचा हा काळ लॅटिन शब्दांत पक्का मुरलाय. सैनिकाच्या पगाराला 'स्तिपेन्दिउम', त्यातला 'पेन्दो' म्हणजे तोलणं. खजिन्याला 'एरारिउम', म्हणजे काशाचं कोठार, आणि ते असायचं सॅटर्नच्या देवळात.

मला सगळ्यात आवडतो तो त्यांचा खरेदीचा विधी. जमीन, बैल यांची मालकी बदलायची तर पाच सज्ञान नागरिक साक्षीला, सहावा तराजू धरून उभा. घेणारा हातातल्या काशाच्या तुकड्याने तराजूवर टण्णकन वाजवायचा आणि तो तुकडा विकणाऱ्याला द्यायचा. नाणी येऊन शतकं लोटली तरी हे चालूच होतं.

नाण्यांच्या आधी नुसते काशाचे ओबडधोबड तुकडे चालायचे. मग विटेसारख्या चिपा आल्या, दीड किलोच्या आसपास, त्यांवर चित्रं. एकीवर एका बाजूला हत्ती, दुसऱ्या बाजूला डुक्कर. रोमवर चालून आलेल्या ग्रीक राजा पिऱ्हसच्या हत्तींना रोमनांनी डुकरांच्या किंकाळ्यांनी पळवून लावलं अशी गोष्ट आहे, तिच्याशी ही चीप जोडतात. दुसरीवर समोरासमोर दाणे टिपणाऱ्या दोन कोंबड्या.

आरमार

त्या कोंबड्या साध्या नाहीत! रोमन सेनापती लढाईआधी पवित्र कोंबड्यांना दाणे टाकायचे. खाल्ले तर शुभ. २४९ मध्ये ड्रेपानापाशी क्लॉडियस पुल्खरच्या कोंबड्या खाईनात. तो म्हणाला, खात नाहीत तर पिऊ देत, आणि दिल्या समुद्रात फेकून. लढाई सपशेल हरला, ९३ जहाजं गेली.

खडीसाखर

कोंबड्यांचा शाप. बरोबरच झालं त्याचं.

गणिताचे_सर

आता थोडा हिशेब, कारण या नाण्यांचा खरा जीव त्यात आहे. आसचे बारा भाग, प्रत्येक भाग एक उन्किया. इंग्रजीतले औंस आणि इंच दोन्ही याच शब्दातून आले. नाण्यांवर आकड्यांऐवजी ठिपके. एक उन्कियाला एक ठिपका, पाव आसला तीन, तिसऱ्या हिश्श्याला चार. अर्ध्या आसवर 'सेमिस' या शब्दाचं पहिलं अक्षर. अक्षरओळख नसलेला माणूसही बोटाने ठिपके मोजून व्यवहार करू शकत होता.

मग आला कार्थेजचा सेनापती हॅनिबल. २१७ मध्ये ट्रासिमेन तळ्याकाठी रोमचं सैन्य कापलं गेलं, २१६ मध्ये कॅने. युद्धाला पैसा पुरेना आणि आस झपाट्याने हलका होत गेला. २६५-२७० ग्रॅमचा निम्म्यावर आला, मग आणखी खाली, आणि २११च्या सुमाराला ५४ ग्रॅम. अवघ्या सहा-सात वर्षांत पाचवा हिस्सा. एका सैनिकाच्या नोकरीच्या काळात त्याच्या पगाराचं नाणं तळहातावरून बोटांच्या चिमटीत आलं.

त्याच वेळी चांदीचा दिनार आला, दहा आसचा. त्याचं साल ठरलं ते सिसिलीतल्या मोर्गान्तिना गावामुळे. ते गाव २११ मध्ये उद्ध्वस्त झालं आणि त्या राखेखाली अगदी नवे दिनार सापडले. पुढे १४१च्या सुमाराला दिनार सोळा आसचा झाला.

आणि आता माझा लाडका मुद्दा. दिनाराचा चौथा हिस्सा म्हणजे सेस्टर्शियस, किंमत अडीच आस. हा शब्द 'सेमिस तेर्तिउस' यातून आला. अर्थ 'तिसरा अर्धा': दोन पूर्ण आणि तिसरा अर्धा. आता आपला 'अडीच' घ्या. संस्कृत 'अर्धतृतीय', प्राकृत 'अड्ढाइज्ज', मराठी 'अडीच'. अर्थ तोच, तिसरा अर्धा! टायबरकाठचा माणूस आणि गोदाकाठचा माणूस अडीच मोजताना अगदी एकाच पद्धतीने विचार करत होते. पावकी-निमकी शिकवताना मी हे दर वर्षी मुलांना सांगतो.

जुनी_पेठ

सर, हे वाचून मी खुर्चीतून उठले. आजीकडून अडीचकी पाठ केली होती, पण शब्दाच्या पोटात काय आहे हे कधी पाहिलंच नव्हतं. औटकीचंही असंच का?

गणिताचे_सर

अगदी तसंच. औट म्हणजे साडेतीन, अर्धचतुर्थ, 'चौथा अर्धा'. आणि दीड म्हणजे 'दुसरा अर्धा'.

लाल_माती

अवांतर: आपल्याकडे ही नाणी सापडतात का? कोल्हापूरला रोमन वस्तू मिळाल्याचं शाळेत वाचलं होतं.

मोडी_वाचक

कोल्हापूरला ब्रह्मपुरीच्या टेकडीवर १९४०च्या दशकात उत्खनन झालं, तिथे समुद्रदेव पोसायडनची काशाची छोटी मूर्ती निघाली. ती खरंच रोमन जगातून आलेली. पण भारतात सापडणारी रोमन नाणी मुख्यतः पुढच्या, सम्राटांच्या काळातली. ऑगस्टस आणि टायबेरियसचे चांदीचे दिनार, सोन्याची नाणी, तीही जास्त करून दक्षिणेत. व्यापारी इतक्या लांब काशाचं ओझं कशाला वाहतील? जहाजाचं म्हणाल तर सातवाहनांच्या पूर्व किनाऱ्याकडच्या शिशाच्या नाण्यांवर दोन डोलकाठ्यांचं सुंदर जहाज आहे. त्याचा रोमच्या नाळेशी संबंध लावू नका, ते आपलं स्वतंत्र.

पानवेल

मूळ प्रश्नाकडे येऊ या का? आणखी एक मत आहे. पूर्वीचे काही अभ्यासक ही नाणी ३३८ सालापर्यंत मागे नेत असत. त्या साली रोमने अँटियम जिंकलं, तिथल्या जहाजांच्या नाळेवरच्या धडका, म्हणजे शत्रूचं जहाज फोडायची धातूची टोकं, काढून आणल्या आणि फोरममधल्या, म्हणजे रोमच्या मुख्य चौकातल्या, भाषणाच्या ओट्यावर लावल्या. त्या ओट्याला 'रोस्त्रा' म्हणतात तो त्यामुळेच. नाणी इतकी जुनी नाहीत हे आता मान्य आहे. तरी मायलीच्या लढाईच्या कितीतरी आधी रोमच्या भर चौकात जहाजाची नाळ होती, हे विसरायला नको.

आरमार

वा, हे मला माहीत नव्हतं. आणि धडकेचं नाव काढलंतच तर ऐका. त्या २४१च्या लढाईच्या जागी, लेव्हान्झो बेटाजवळच्या समुद्रतळावरून खऱ्या धडका वर काढल्यात, वीसहून जास्त. ओतीव काशाच्या. तीन आडव्या पात्यांची, जहाजाच्या नाळेवर बसवलेली जबरदस्त गोष्ट. काहींवर रोमन अधिकाऱ्यांची नावं आहेत, जहाजाच्या कामाला मंजुरी दिल्याची. ताई, पुढच्या वेळी नाण्यावरच्या नाळेच्या खालच्या बाजूला नीट बघा. पुढे आलेली तीच धडक.

जुनी_पेठ

काल परत गेले होते. त्याच बाईंनी तोच आस दिला. नाळेच्या खाली, पाण्याच्या रेषेशी, पुढे आलेली पाती बोटाने चाचपली. आहे, आरमार, आहे! झिजलीय पण आहे.

आता माझं मत बनलंय. धाग्यात जेनस आणि जहाज यांची कारणं आपण वेगवेगळी शोधत होतो. काल घरी येऊन वाचत बसले. मायलीची लढाई जिंकणारा गायस दुइलियस. फोरममध्ये शत्रूच्या धडका लावलेला त्याचा खांब उभा राहिला हे ठाऊक होतं. पण रोमन इतिहासकार टॅसिटसने सांगितलंय की भाजीबाजारातलं जेनसचं देऊळही दुइलियसनेच बांधलं. समुद्रावर पहिला विजय मिळवणारा माणूस देऊळ बांधतो ते जेनसचं! आणि युद्ध संपल्यावर २३५ मध्ये जेनसच्या जुन्या देवळाची दारं बंद केली, कारण रोममध्ये शांतता होती. नुमा राजानंतर हे पहिल्यांदाच घडलं. दहा वर्षांनी नाण्यावर एका बाजूला जेनस, दुसऱ्या बाजूला नाळ. मला यात ते युद्ध आणि त्यानंतरची शांतता दोन्ही दिसतात. ऑव्हिडची गोष्ट गोड आहे, पण तोवर दोनशे वर्षं उलटली होती. लोक लढाई विसरले आणि पाहुण्याची कथा उरली, असं मला वाटतं.

गणिताचे_सर

दुइलियसच्या देवळाचा धागा मी जोडला नव्हता. माझं मत बदलतो. ऑव्हिड आवडतो तरीही.

पानवेल

मी अजून अर्धी सॅटर्नच्या बाजूने आहे. अर्ध्या आसवर तो आहेच ना, आणि खजिनाही त्याच्याच देवळात. पण नाळ कार्थेजच्या युद्धाचीच, हे मान्य.

पितळी_कडी

बरेच दिवसांनी येतोय, लग्नसराईच्या समया चालू होत्या. मागल्या बुधवारी भट्टी पेटलेलीच होती, म्हणून धाग्यातल्या मापाने एक चकती ओतून पाहिली. तांबं, कथील आणि शिसं जरा सढळ. व्यास सव्वासहा सेंटिमीटर, वजन २६६ ग्रॅम भरलं, जाडी एक सेंटिमीटरला कमी. जेनस काही मला जमणारा नाही, म्हणून एका बाजूला नुसती होडी कोरली.

एक गोष्ट कळली. दगडावर टाकून पाहिली तर खणखणत नाही. शिशामुळे आवाज बद्द येतो, ओल्या मातीवर नारळ पडल्यासारखा. आपण नाणं वाजवून घ्यायचं म्हणतो, ते या नाण्याला चालणार नाही. हे तोलूनच घ्यायचं नाणं. पोरगा दिवसभर हातात घेऊन फिरतोय आणि खिशात घातलं की विजार खाली येते म्हणून आईकडून नाडी आवळून घेतोय.

जुनी_पेठ

पितळी_कडी, मी डिसेंबरात साताऱ्याला येतेय. ती चकती वितळवू नका.